डाव्या चोचीची चिमणी

घरात खुर्ची एकच होती, आणि गेले आठ दिवस तिच्यावर धाकटी बसत होती.

तशी ती खुर्ची म्हणजे काही राजाची गादी नव्हे. प्लॅस्टिकची, एक पाय आखूड, त्या पायाखाली विटेचा तुकडा. थोरलीच्या नवऱ्याने ती कुठल्याशा मोडीतून उचलून आणली होती. तेव्हापासून तिच्यावर एकतर वाळलेले कपडे असायचे, नाहीतर पाहुणे. थोरली स्वतः कधी बसल्याचं तिला आठवत नव्हतं. पण हल्ली वहीवाल्या बाई सकाळच्या गाडीने यायच्या, चपला दाराबाहेर काढायच्या, स्वतः सतरंजीवर मांडी घालायच्या आणि धाकटीला म्हणायच्या, "तुम्ही वर बसा. खाली बसलं की दम लागतो तुम्हाला." मग धाकटी खुर्चीवर, बाई तिच्या पायाशी, मध्ये ते काडेपेटीएवढं आवाज धरून ठेवणारं मशीन, आणि थोरली चुलीपाशी. चहाला.

"तुम्हीही बसा ना," बाई म्हणायच्या.

"बसते की," थोरली म्हणायची. "पाणी भरलं, घर झाडलं, खळ्यावर शंभर गोण्या शिवल्या, की बसतेच."

खळ्यावर तिला सगळे दाभण म्हणायचे. हातात कायम गोणी शिवायचं दाभण असायचं हे एक कारण, आणि जीभ हे दुसरं. ती कुणाला टोचून बोलली की नवरा खाली बघून हसायचा आणि म्हणायचा, "चला, एक टाका पडला."

वहीवाल्या बाई शहरातून यायच्या. कामाच्या नावाखाली नेऊन कोंडून घातलेल्या बायकांचा त्या अभ्यास करत होत्या. पाच वर्षं झाली होती, नऊ वह्या भरल्या होत्या. जागा कळली की कामगार खात्याचे साहेब आणि पोलीस घेऊन त्या तिथे जायच्या आणि बायका सोडवून आणायच्या. जागा नाही कळली तर वही जाड व्हायची, एवढंच. धाकटीच्या बाबतीत तेच होत होतं. धाकटी तीन वर्षांपूर्वी गेली आणि चार महिन्यांपूर्वी सापडली, एका लांबच्या गाडीतळावर, अंगात ताप आणि छातीत खोकला घेऊन. नेताना ताडपत्रीच्या गाडीतून नेलं, नको झाल्यावर ताडपत्रीच्या गाडीतूनच आणून टाकलं. कुठे होती ते तिलाच माहीत नव्हतं. पत्र्याची शेड, उंचावर एक खिडकी, आणि रात्रंदिवस जुन्या गोण्या. झटकायच्या, फाटलेलं कापायचं, ठिगळ लावायचं. दाराला बाहेरून कुलूप. तिच्याबरोबरच्या सातजणी अजून त्या कुलपामागे होत्या.

"सकाळी ऊन कुठल्या भिंतीवर यायचं?" बाई विचारायच्या. "पाण्याला वास होता का? गाडी उतरणीला लागल्यासारखी वाटली का?" धाकटी डोळे मिटून आठवायची, आणि बाई असं ऐकायच्या की जणू तिच्या तोंडून मोती गळताहेत. थोरलीच्या जन्मात तिचं बोलणं असं कुणी ऐकलं नव्हतं. नवरा तर जेवतानाच झोपायचा.

पहिल्याच दिवशी बाईंनी थोरलीलाही विचारलं होतं. "मधल्या काळात बहिणीची काही खबर? निरोप, वस्तू, काहीही?"

"एक फोन आला होता, सुरुवातीला. मी मजेत आहे, काळजी करू नको, एवढाच," थोरली म्हणाली होती. "बाकी काही नाही." आणि धुतलेले कप तिने पुन्हा धुवायला घेतले होते.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. पण तिला खवखवत होतं त्याहून जास्त जळत होतं, आणि ते जळणं आजचं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी एक बाई गावात आली होती. सगळ्यांची मावशी म्हणवून घ्यायची. शिवणकामाच्या मोठ्या कारखान्यात मुली हव्यात म्हणाली, डोक्यावर पंखा, बसून काम, राहायला खोली. थोरलीही गेली होती तिच्यापुढे. नवऱ्याला न सांगता, पदराला हात पुसत. मावशीने तिचा तळवा उलटा केला, अंगठ्यावरच्या भेगा बघितल्या आणि हसली. "या हातांनी रेशीम फाटेल गं बाई." मग मागे उभ्या असलेल्या धाकटीचा हात धरला. "हे चालतील." तेव्हा आजूबाजूला चार बायका होत्या, त्याही हसल्या. ते हसणं थोरली विसरली नव्हती. धाकटी गेली त्या दिवशी तिने डोळे पुसले, पण निम्मं पाणी स्वतःसाठी होतं.

बाई परतल्या की धाकटी खुर्चीवरून उठायची आणि हळूच म्हणायची, "ताई, मी भांडी घासू?"

"नको," थोरली म्हणायची. "तुझ्या छातीला त्रास. बाई मला बोलतील."

"त्या कशाला बोलतील गं ताई?"

"बोलतील. तू आता वहीतलं माणूस."

---

गहू खळ्यावर येऊन पडला आणि तिसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं. अवेळी ढग म्हणजे सगळ्यांची धावपळ. मळणीचं मशीन दिवसभर धडधडत होतं, भुसा उडून माणसांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, आणि व्यापारी हातात छत्री घेऊन फिरत होता, जणू पाऊस आलाच तर सगळी रास त्या एका छत्रीखाली घेणार होता. "हात चालवा, हात चालवा," एवढंच त्याचं चाललं होतं.

शिवणाऱ्या पाचजणी होत्या, त्यातली एक तापाने पडली. धाकटी आपण होऊन उठली. "मी येते, ताई. भुशापासून लांब बसेन, तोंडाला फडकं बांधेन."

थोरलीला नाही म्हणायचं होतं. पण गोण्या तोंड वासून उभ्या होत्या.

गोणी शिवणं दिसायला सोपं. तोंडाची घडी घालायची, एका कोपऱ्याचा कान काढायचा, म्हणजे हमालाला धरायला होतो, मग ओळीने टाके, दुसरा कान, आणि शेवटची गाठ. पण साठ गोण्यांनंतर सुतळी बोटात शिरते आणि शंभरानंतर खांदा आपला राहत नाही. थोरली तळव्याला चिंध्या बांधून बसली. तिची अकरावी गोणी होईतो धाकटीच्या पंधरा झाल्या होत्या. डावखुरी होती ती. डाव्या हाताने दाभण असं जायचं की बघणाऱ्याला फक्त सुतळी पळताना दिसायची. ती बघत नव्हती, मोजत नव्हती, मान खाली घालून नुसती शिवत होती. मध्येच कुणी मोठ्याने बोललं तर दचकून तिचा वेग आणखी वाढायचा.

"अरे वा!" व्यापारी थांबला. "दाभणला जोड मिळाली की! दाभण, तुझी आता सुई झाली बघ."

हमाल हसले. थोरलीचा नवरा पाठीवर गोणी घेऊन चालला होता, तोही हसला. तिचा नुसता तिळपापड झाला. धाकटीने काम शिकलं कुठे, आणि कसल्या मारापायी हा वेग आला, हे तिला माहीत होतं. रोज चुलीपाशी बसून ती तेच तर ऐकत होती. तरीही झाला. मत्सराला अक्कल असती तर मग काय हवं होतं.

"शेवटची गाठ मी मारते," ती धाकटीला म्हणाली. "खूण माझी आहे. मोजणीत घोळ नको."

"हो ताई. चिमणी तुझीच," धाकटी म्हणाली आणि गोणी तिच्याकडे सरकवली.

ही चिमणी त्यांच्या आईची. खळ्यावर कुणी किती गोण्या शिवल्या ते कळावं म्हणून प्रत्येकीची शेवटची गाठ वेगळी असायची. आईची म्हणजे सुतळीला तीन वेढे, एक टोक आखूड कापलं की चोच, दुसरं लांब सोडलं की शेपटी. आईमागे ती खूण थोरलीकडे आली, रीतसर, सगळ्या खळ्यासमोर. धाकटी लहानपणी हौसेने मारायची, पण डावखुरी असल्यामुळे तिच्या चिमणीची चोच उलटी, डावीकडे यायची. आई म्हणायची, "तुझी चिमणी घराकडे पाठ करून बसते गं."

आता इथेच ते सांगून टाकलं पाहिजे, जे थोरलीने कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीच्या सुगीत, याच खळ्यावर, व्यापाऱ्याने आणलेल्या रिकाम्या गोण्यांतली एक तिच्या हाती आली. जुनी, पोटावर ठिगळ लावलेली. आणि ठिगळाच्या कोपऱ्यात, जिथे कसल्याच खुणेचं काम नव्हतं, तिथे चिमणी बसली होती. चोच डावीकडे. अशी चिमणी मारणारं माणूस जगात एकच होतं.

थोरलीने ते बघितलं आणि तिच्या मनात काय आलं? बहीण जिवंत आहे, हे आलं नाही. गोण्या का शिवतेय, रेशमाचं काय झालं, हेही आलं नाही. तिच्या मनात आलं, बघा, सावलीत बसून शिवतेय आणि मला दाखवतेय. एक फोन करून वर्षभर तोंड फिरवलं, आणि आता आईची खूण, माझी खूण, परक्या ठिगळांवर उधळतेय. मुकादमीण झाली असेल तिथे. तिने ती गोणी गुपचूप काढून घेतली, घरी नेली, चौघडी केली आणि दारात टाकली. पाय पुसायला. नवऱ्याने पाय पुसले, शेजारणीने पुसले, पावसात चिखलाने भरलेले सगळ्यांचे पाय त्या चिमणीवरून घरात आले. दर वेळी थोरलीला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला.

धाकटी सापडल्याचा निरोप आला त्या दिवशी तिने ते पायपुसणं उचललं आणि कोंबड्यांच्या खुराड्याखाली सारलं. तेव्हापासून दारात नुसता ओला दगड होता.

---

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा थोरली पाण्याला म्हणून बाहेर पडली, आणि परतताना भरली घागर मागच्या भिंतीशी ठेवून कान देऊन उभी राहिली. रोज तिला वाटायचं, आज धाकटी आपल्याबद्दल काहीतरी सांगेल. चुलीपाशी असताना सांगत नसेल, पाठ वळली की सांगत असेल. आणि आज खरंच ती तिच्याबद्दलच बोलत होती.

"बाहेर निरोप धाडायचा काही मार्ग?" बाई विचारत होत्या.

"फोन एकदाच करू दिला, समोर उभं राहून. मग माझ्या डोक्यात आलं," धाकटी बोलली, मध्येच खोकली, पुन्हा बोलली. "आम्ही बाहेर जाऊ शकत नाही, पण गोण्या जातात ना. कुठलीही गोणी फिरून फिरून कधीतरी एखाद्या खळ्यावर येतेच. आणि माझी ताई खळ्यावर शिवते. ती नुसती शिवत नाही, गोणी बघते. एक टाका वाकडा असला तरी तिला सहन होत नाही. म्हणून मी आईची चिमणी मारायला लागले. प्रत्येक ठिगळावर. पकडलं तर मार बसायचा, पण त्या लोकांना वाटायचं, गाठच आहे."

"किती मारल्या असतील?"

"मोजल्या नाहीत. सगळ्याजणींना सांगितलं होतं, माझी ताई बघेल. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. मग त्यांनाही शिकवली. रात्री झोपताना त्या विचारायच्या, आज पोचली असेल का गं? मी म्हणायचे, उद्या पोचेल."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. "पण पोचली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही ना. जग केवढं मोठं. ताईच्या हातात आली असती तर तिने त्याच दिवशी गाव डोक्यावर घेतलं असतं."

थोरली भिंतीला पाठ लावून खाली बसली. घागर लवंडली, पाणी तिच्या पायाखालून वाहून गेलं, तरी ती उठली नाही. आयुष्यभर तिला हवं होतं की कुणीतरी म्हणावं, हिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हटलं होतं. दोन-अडीच वर्षं, रोज रात्री, आठ बायकांमध्ये म्हटलं जात होतं, आणि त्या वेळी ती त्या चिमणीवर पाय पुसत होती.

---

त्या दुपारी खळ्यावर तिने शिवलं कमी आणि उलथापालथ जास्त केली. व्यापाऱ्याने नवा ढीग आणून टाकला होता, रिकाम्या गोण्यांचा, तीनशे तरी असतील. ती एकेक गोणी उलटी करून पोट बघत होती. बायका म्हणाल्या, "दाभण, उवा बघतेस का?" तिने पुढची गोणी उलटी केली. ढग खाली आले होते, वारा भुसा उडवत होता, व्यापारी ओरडत होता.

सत्तेचाळिसाव्या गोणीवर चिमणी सापडली. चोच उजवीकडे. धाकटीची नव्हे, दुसऱ्या कुणाची तरी. वेढे सैल, शेपटी जाड, नवशिक्या हाताची. पुढे आणखी एक, तिची चोच अगदीच बोथट. मग तिसरी. तीन वेगवेगळे हात. सुतळी अजून पिवळी, महिनाभराचीसुद्धा नसेल. तिन्ही गोण्यांवर हिरव्या शाईचा गोल शिक्का होता आणि गोलाला खालच्या बाजूने खाच पडलेली होती, शिक्क्याचा टवका उडाल्यावर पडते तशी.

तिला आठवलं, खुराड्याखालच्या गोणीवरही हिरवं काहीतरी आहे.

"हे बारदान कुणाचं?" तिने व्यापाऱ्याला विचारलं.

"माझं. का?"

"तुम्ही कुणाकडून घेतलं?"

"दाभण, गोणीला काय जन्मदाखला असतो का? यंदा तिघांकडून घेतलं, सगळं एकात मिसळलं. दोन वर्षांपूर्वी बरं होतं, एकाचकडून यायचं. शीव आता, पाऊस काय तुझ्या चौकशा संपेतो थांबणार आहे?"

दुसऱ्या दिवशी तिने त्या तीन गोण्या बाईंपुढे टाकल्या. फक्त त्या तीन. रात्रभर तिने विचार केला होता आणि तिला एक वाट सापडली होती. कालच दिसल्या, आज आणल्या. झालं. खोटं काहीच नव्हतं.

आणि काय सांगावं, घरात जे झालं ते तिने स्वप्नातही बघितलं नव्हतं. धाकटी खुर्चीवरून धडपडत खाली आली, तिने एकेक गाठ बोटाने चाचपली आणि नावं घेतल्यासारखी सांगत गेली, "ही आमच्यातल्या म्हातारीची. तिला दिसत नाही नीट. ही त्या मुक्या मुलीची, बघा, दोनच वेढे घालते." मग तिने थोरलीच्या गळ्यात हात टाकले आणि हमसून रडली. "मी सांगितलं होतं ना बाई, ताई बघेल! सांगितलं होतं ना!" नवरा दारात उभा राहून बायकोकडे असा बघत होता की जणू आजच लग्न ठरलं. आणि बाईंनी वही मिटली, थोरलीचे दोन्ही हात, तेच भेगाळलेले, हातात धरले. "पाच वर्षांत मला जे जमलं नाही ते तुम्ही केलंत. बसा. आज तुम्ही खुर्चीवर बसा."

थोरली बसली. खुर्ची विटेच्या तुकड्यावर जरा डुगडुगली. तिने हात मांडीवर ठेवले. आत कुठेतरी गोडही वाटलं, अजूनही, निर्लज्जासारखं.

"आता व्यापाऱ्याला विचारायचं, कुणाकडून घेतलं," बाई म्हणाल्या.

"तिघांकडून. मिसळलंय. दोन वर्षांपूर्वी म्हणे एकाचकडून यायचं," थोरली म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला. चष्मा काढून त्या उगाच पुसत राहिल्या. "मग कठीण आहे. तिघांच्या दारात पोलीस एकदम जाणार नाहीत, एवढ्या पुराव्यावर तर नाहीच. आणि आपण एकाकडे विचारलं की दुसऱ्याला तासाभरात कळतं. बायका हलवतात हो. मागे एकदा असं झालंय. शेड सापडली, चूलसुद्धा गरम होती, आत कुणी नव्हतं."

"मग?" धाकटीने विचारलं.

"याच शिक्क्याची एखादी जुनी गोणी हवी होती. व्यापारी एकाचकडून घ्यायचा त्या काळातली. शिक्का जुळला की माणूस ठरला, तो बेसावध असतानाच आपण पोचलो असतो. पण दोन वर्षांपूर्वीची गोणी आता कुठून आणायची?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण इथे कळसा काखेत असल्याचं एकीलाच माहीत होतं, आणि ती खुर्चीवर बसली होती.

बाहेर ढगांचा बारीक गडगडाट झाला. धाकटी खाली बसून ती दोन वेढ्यांची चिमणी बोटाने कुरवाळत होती. थोरलीने तिच्या मानेकडे बघितलं. केसांच्या खाली एक पांढरट व्रण होता, बोटाएवढा. चार महिने ती एका घरात राहत होती आणि तो तिने पहिल्यांदा बघितला. तिच्या नजरेतून म्हणे काही सुटत नाही.

ती उठली.

"कुठे गं ताई? बस की जरा."

थोरली मागच्या दाराने गेली. खुराडं उचललं, कोंबड्या कलकलत बाहेर पळाल्या. गोणी काढली, शेणामातीने कडक झालेली, तशीच घरात आणली आणि सतरंजीवर उलगडली. नवरा म्हणाला, "अगं हे तर आपलं पाय—" आणि थांबला.

बाईंनी आधी शिक्का बघितला. खालच्या बाजूची खाच, तीच. त्यांचा श्वास मोठ्याने ऐकू आला. धाकटीने मात्र शिक्का बघितलाच नाही. तिचा हात सरळ ठिगळाच्या कोपऱ्यात गेला. पायांनी घासून चिमणीची शेपटी तुटली होती, वेढे काळे पडून चपटे झाले होते. पण चोच होती, डावीकडे.

"ही माझी," ती म्हणाली. "पहिल्या वर्षाची. पुढे पुढे मी चोच लांब ठेवायला लागले, लांबून दिसावी म्हणून." मग तिने गोणीच्या मधला झिजलेला भाग बघितला, त्यावरचा चिखल बघितला, आणि दाराकडे, त्या ओल्या दगडाकडे बघितलं. "ताई, ही कधी आली तुझ्याकडे?"

"दोन वर्षं झाली."

"तू ओळखलं नाहीस, ताई?"

आताही सुटका होती. नाही ओळखलं, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. सतरंजीवर बसलेल्या दोघी आणि दारातला नवरा, तिघांनाही तेच ऐकायचं होतं.

"हातात घेतल्या घेतल्या ओळखलं," थोरली म्हणाली. "मला वाटलं, तू मजेत आहेस. मला तुझी मजा बघवली नाही."

बाहेर पावसाचे टपोरे थेंब पडायला लागले होते. खळ्यावरून आरडाओरडा आला, ताडपत्री, ताडपत्री, आणि नवरा निमूट निघून गेला. धाकटी उठली. थोरलीला वाटलं, आता ती मारेल, आणि मारलं तर बरं होईल. पण ती तिला वळसा घालून दारापाशी गेली, चौकटीला धरून बाहेर तोंड करून उभी राहिली. तिची पाठ खोकल्याने हलत होती. नुसत्या खोकल्याने की आणखी कशाने, ते मागून कळत नव्हतं.

बाईंनी गोणी नीट घडी करून पिशवीत ठेवली. मग मशीन उचललं आणि खुर्चीसमोर ठेवलं. "मला आजच जायला हवं. पण त्याआधी हे तुमच्या आवाजात लागेल. गोणी कधी आली, कुणी आणली, सगळं. साहेब तेच विचारतील." त्या जराशा अडखळल्या. "तुमची तयारी असेल तर."

थोरली खुर्चीवर बसली. मशीनवरचा लाल ठिपका लागला. इतके दिवस ती या ठिपक्यासाठी जळत होती. आता तो तिच्यासाठी लागला होता. तिने दाराकडे बघितलं.

धाकटीने मागे वळून बघितलं नाही. पावसाकडे बघतच ती बोलली, "सांग. त्या अजून शिवतायत."

चार महिन्यांत तिचं एकही वाक्य ताईशिवाय गेलं नव्हतं. भांडी घासू का ताई, चिमणी तुझीच ताई. थोरली थोडा वेळ वाट बघत राहिली, पुढे येईल म्हणून. आलं नाही. मग तिने मशीनकडे तोंड केलं आणि मावशीने हात उलटा केला तिथपासून सांगायला घेतलं.